एकेचाळीस नंबरच्या कार्डाची वाटणी

दिग्रसमधल्या माझ्या वयाच्या माणसांना स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नसतो, पण दवाखान्यातल्या कार्डाचा नंबर पाठ असतो. अजूनही बाजारात वांगी निवडताना मागून हाक येते, "ओ कंपोंडरभाऊ, वळखलं का? दोनशे सात." मी वळून बघतो. चेहरा काही केल्या आठवत नाही. पण दोनशे सात म्हणजे दम्याची आई, दोन मुली, धाकटीचा कान वाहायचा, हे सगळं धडाधड डोळ्यांपुढे येतं. "पोरीचा कान बरा हाय का?" असं मी विचारतो आणि तो माणूस खूश होऊन जातो. त्याला वाटतं मी त्याला ओळखलं.

तेहतीस वर्षं मी गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. दवाखाना कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली दोन खोल्या, वर त्यांचं घर. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेरच्या खोलीत बाकडी, आणि मधल्या खिडकीत मी. या अंकाच्या संपादकांनी "दवाखान्यातले अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक साप चावलेली माणसं आणि अडलेली बाळंतपणं असावीत. ती डॉक्टरांनी हाताळली, ती लिहिण्याचा हक्कही त्यांचाच. माझं खातं कार्डांचं होतं.

आता कॉम्प्युटरवर नाव टाकलं की झालं, त्यामुळे कार्ड म्हणजे काय ते सांगावं लागेल. जाड पिवळा कागद, वहीच्या पानाएवढा. वर नंबर आणि कुटुंबप्रमुखाचं नाव. त्याखाली घरातली सगळी माणसं ओळीनं, आणि प्रत्येकाच्या पुढे कधी काय झालं आणि काय दिलं याच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. एका घराला एक कार्ड. कार्ड रुग्णाच्या हातात द्यायचं नाही, ते आमच्याच लाकडी खणात राहणार. आणि सगळ्यांत वर, नंबराच्याही वर, गरज असली तर एक लाल ओळ. घरातल्या कोणाला एखादं औषध सोसत नसेल तर डॉक्टर ते स्वतःच्या हातानं लाल पेनानं लिहायचे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं होतं, "कार्ड हातात आलं की आधी लाल ओळ आहे का बघायचं. बाकी सगळं हळूहळू येईल." बाकी सगळं खरंच हळूहळू आलं.

या कार्डाला गावात रेशनकार्डापेक्षा जास्त मान होता. लग्न होऊन सून घरात आली की सत्यनारायण झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सासू तिला घेऊन दवाखान्यात यायची. आजार काही नाही. हातात पेढे. "नाव चढवून घ्या जी." मी सुनेचं नाव लिहायचो आणि एक पेढा खायचो. मुलगी सासरी गेली की तिच्या नावावर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, 'सासरी'. ती रेघ मारताना काही बाया खिडकीशी उभ्या राहून डोळे पुसायच्या, म्हणून मी ते काम त्या गेल्यावर करायचो. सोयरीक ठरवायच्या आधी मुलाकडची माणसं चहाच्या निमित्तानं माझ्याशी गप्पा मारायला यायची. "पोरीचं कार्ड कसं हाय?" मी म्हणायचो, "पिवळं हाय."

डॉक्टर निवडायची आमच्याकडे एक रीतच होती. नवं घर कार्ड काढायला सरळ यायचं नाही, आधी डॉक्टर बघायला यायचं, मुलगी बघायला जावं तसं. एकदा जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? म्हातारा तोंड उघडणार तोच मुलगा म्हणाला, "बाबा, बोलू नोका. डॉक्टरले वळखू द्या." डॉक्टरांनी नाडी धरली, डोळे पाहिले, मग खाली वाकून पाय पाहिले आणि म्हणाले, "चप्पल नवी आहे. चावते." म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. त्याच दिवशी त्या घरातल्या अकरा माणसांचं कार्ड निघालं.

याच्या उलट एक बँकेतले साहेब. बदली होऊन पुण्याकडून आले होते. बायकोला घेऊन खिडकीशी आले आणि विचारलं, "फॅमिली डॉक्टरांकडे नाव नोंदवायची काय पद्धत आहे?" मी म्हणालो, "काय त्रास हाय?" ते म्हणाले, "काहीच नाही. आजारी पडायच्या आधी नोंदवून ठेवावं म्हणतो." असं कोणी यापूर्वी आलं नव्हतं. कार्डावर पहिल्या नोंदीची जागा रिकामी सोडायची नाही हा आमचा नियम. मी सुचवलं, 'अंगात कसकस' लिहू. ते म्हणाले, "मी बँकेत आहे. खोटी नोंद माझ्या नावानं करू नका." दोनदा आले, दोनदा ठणठणीत परत गेले. महिनाभरानं नाक लाल, डोळ्यांतून पाणी अशा अवस्थेत आले आणि खिडकीतून विजयी सुरात म्हणाले, "आता लिहा."

तर अशा गावात एकेचाळीस नंबरचं घर राहत होतं.

शंभराच्या आतला नंबर म्हणजे डॉक्टरांनी दवाखाना उघडला तेव्हापासूनची माणसं. कार्ड किसनरावांच्या नावावर होतं. त्यांचं पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि कूलर बनवायचं दुकान. बायको सुभद्राकाकू, थोरला मुलगा महादेव, धाकटा गजानन, दोन सुना, चार नातवंडं. आणि त्या कार्डावर लाल ओळ होती. काकूंना एकदा जुलाबावर सल्फाची गोळी दिली गेली आणि तासाभरात तोंड सुजून श्वास अडकला. डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं. मग लाल पेन काढलं आणि लिहिलं, 'सौ. सुभद्राबाई यांना सल्फाच्या गोळ्या देऊ नयेत. जिवाला धोका.' किसनरावांना समोर बसवून दोनदा समजावून सांगितलं. काकू बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना वेगळं सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. घरच्या कर्त्याला सांगितलं, कार्डावर लिहिलं, म्हणजे झालं, अशी आमची समजूत.

किसनराव वारले. कार्डावरचं नाव आम्ही बदललं नाही, कोणाचंच बदलत नसू. पुढे चार-पाच वर्षांत दोघा भावांचं फाटलं. कारण मला कधी नीट कळलं नाही. कूलरची जाळी कोणत्या बाजूनं बसवायची यावरून सुरू झालं असं गजानन सांगायचा, आणि महादेव म्हणायचा त्याच्या कितीतरी आधी. वाटणी करायला पुसदहून काकूंचे भाऊ आले. मामा मास्तर होते आणि न्यायाच्या बाबतीत फार बारीक. दुकानाचे दोन भाग झाले, अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, परातींची संख्या विषम निघाली तर एक परात मामांनी पुसदला नेली. आईचं असं ठरलं की सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे.

मग एका दुपारी मामा, दोघं भाऊ आणि काकू दवाखान्यात आले. डॉक्टर खेड्यात पेशंट पाहायला गेले होते. बाकडी रिकामी होती. महादेव म्हणाला, "कंपोंडरभाऊ, दवाखान्याची वाटणी राह्यली."

"दवाखाना तुमचा कुठी हाय?"

"दवाखाना नाही जी. कार्ड."

मी सांगितलं, सोपं आहे, दोघांची दोन नवी कार्डं काढून देतो. मामांनी नंबर विचारला. मी म्हणालो, दोन हजाराच्या पुढचा येईल. दोघं भाऊ वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांकडे बघून एकाच वेळी नाही म्हणाले. दोन हजाराच्या पुढचा नंबर म्हणजे काल गावात आलेला माणूस. महादेवला बापाचं नाव आणि एकेचाळीस हा आकडा हवा होता. गजाननला त्याच्या मुलांच्या गोवरापासूनच्या नोंदी हव्या होत्या. "मले नंबर नाही पाह्यजे," तो म्हणाला, "पण माह्या पोरायचं समदं यातच हाय. थे मी कायले सोडू?"

मामांनी कार्ड मागितलं. ते रुग्णाच्या हातात द्यायचं नाही हा नियम, पण मामा रुग्ण नव्हते. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, मोजलं आणि निकाल दिला. वर नंबर, बापाचं नाव, मग आई, मग थोरल्याचं कुटुंब. त्याखाली धाकट्याचं. बरोबर मधून आडवं कापायचं. वरचा तुकडा थोरल्याला, खालचा धाकट्याला. मी जखमेच्या पट्ट्या कापायची कात्री पुढे केली तर महादेव म्हणाला, "थे वाकडं कापते," आणि पिशवीतून पत्रा कापायची कात्री काढली. ती त्यानं घरूनच आणली होती.

कापलं मीच. हे सांगायला हवं. डॉक्टर येईपर्यंत थांबा असं मी म्हणू शकलो असतो. पण तीन माणसं न्याय मागायला माझ्या खिडकीशी उभी होती आणि डॉक्टरांचं नाव कोणीच काढत नव्हतं, याचं मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं. एका दाबात कार्डाचे दोन भाग झाले. कापणं अगदी सरळ आलं.

तेव्हा बाकड्यावरून काकूंनी मला विचारलं, "बापू, मी कोणत्या तुकड्यात हाव?"

त्यांचं नाव वरच्या तुकड्यात गेलं होतं. गजानन लगेच म्हणाला, "मंग सहा महिने माह्याकडे राह्यल्यावर काय?" मामांनी मान हलवली. आईचं नाव खालच्या तुकड्यावरही हवं. ते मी लिहिलं. मामा शेजारी उभे. अक्षर वरच्या एवढंच पाहिजे, शाई तीच पाहिजे, 'श्रीमती' लिहा, 'सौ.' आता चालत नाही. मी पट्टी लावून नाव लिहिलं, मामांनी दोन्ही तुकडे शेजारी धरून अक्षराची उंची मोजली आणि समाधानानं मान डोलावली. नाव उतरवलं. लाल ओळ उतरवायची राहिली.

आणखी एक ठरलं. भाऊ एका बाकड्यावर बसणार नव्हते. म्हणून महादेवचं कुटुंब सकाळी येणार, गजाननचं संध्याकाळी. तुकडेसुद्धा एका खणात नकोत, असा दोघांचा आग्रह. वरचा तुकडा सकाळच्या खणात, खालचा संध्याकाळच्या. खालच्या तुकड्याला नंबर नव्हता. मी त्यावर नुसतं 'गजानन, संध्याकाळ' लिहून ठेवलं.

डॉक्टरांना आल्यावर सांगितलं. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चिकटवून टाक." मी म्हणालो, साहेब, पुन्हा भांडण होईल, मामा पुसदहून परत येतील. डॉक्टर थकलेले होते. "बरं," म्हणाले आणि वर जेवायला गेले. त्यांना स्वतःला काकूंचं सगळं पाठ होतं, त्यामुळे त्यांना काळजी वाटली नसावी.

पुढचं वर्षभर हे वेळापत्रक इतक्या कडकपणे पाळलं गेलं की त्या घरातली मुलंसुद्धा वेळ बघून आजारी पडायला लागली. गजाननच्या मुलाचा हात सकाळी दहा वाजता खेळताना मोडला, तर त्याची आई त्याला घेऊन आली आणि खिडकीशी कुजबुजली, "आमची येळ नाही, पण हाड मोडलं." महादेव बाकड्यावर बसला होता. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि हात बांधून होईपर्यंत तसाच बसला. मदत म्हणा, बहिष्कार म्हणा, दोन्ही त्यातच आलं. काकूंचं तर विचारूच नका. गजाननकडचे सहा महिने चालू असताना एकदा त्या सकाळीच आल्या, अंगात ताप. मला म्हणाल्या, "बापू, आज मी चुकून सकाळी आजारी पडली. संध्याकाळी येतो." आणि खरंच परत गेल्या. मी हे घरी बायकोला हसत सांगितलं. ती हसली नाही. "तुम्ही तिले बसवलं काहून नाही?" एवढंच म्हणाली.

त्या पावसाळ्यात डॉक्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस नागपूरला गेले. बदली म्हणून यवतमाळहून एक तरुण डॉक्टर आले. हुशार, नम्र, प्रत्येकाला सगळं विचारून लिहिणारे. सोमवारी संध्याकाळी गजाननची बायको काकूंना घेऊन आली. लघवीला जळजळ. तरुण डॉक्टरांनी नीट विचारलं, "आजी, कोणत्या गोळीचा कधी त्रास झालाय का?" काकू विश्वासानं म्हणाल्या, "थे तुमच्या कार्डात हाय ना जी. पाह्यून घ्या." डॉक्टरांनी तुकडा पाहिला, पुढून, मागून. काहीच नव्हतं. त्यांनी सल्फाच्या गोळ्या लिहिल्या.

गोळ्या मी मोजल्या. मोजताना हात क्षणभर अडला, हे मला आजही आठवतं. काहीतरी आहे असं वाटलं. एकेचाळीस असा आकडा कोणी उच्चारला असता तर मला लगेच आठवलं असतं, पण त्या तुकड्याला नंबर नव्हता, आणि नंबराशिवाय माझं डोकं चालत नव्हतं. तेवढ्यात बाकड्यावर दोन पेशंटांचा आधी कोण यावरून वाद सुरू झाला. मी तिकडे ओरडलो आणि पुडी काकूंच्या हातात दिली. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर."

त्यांचा सोमवारचा उपास होता. गोळी उपासाला चालते की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर घेतली.

दवाखाना दुपारी बंद असायचा. मी खिडकीत डबा उघडून बसलो होतो आणि तरुण डॉक्टर वर पडले होते. बाहेर मोटारसायकल इतक्या जोरात थांबली की मी घास हातात घेऊनच उठलो. पुढे महादेव, मागे गजानन, आणि दोघांच्या मध्ये काकू. ओठ सुजलेले, डोळे मिटत चाललेले, श्वासाचा आवाज शिट्टीसारखा. दोघं भाऊ एकदम बोलत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. मी जिन्यात जाऊन ओरडलो. डॉक्टर अनवाणी धावत आले, काकूंना टेबलावर घेतलं आणि माझ्याकडे इंजेक्शनं मागितली. मी ती काढून दिली.

घडलं होतं असं. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात काकूंना गुदमरायला लागलं. गजाननची गाडी पंक्चर होती. त्याच्या बायकोनं कुंपणाचा पत्रा बडवला. महादेवची गाडी पलीकडे उभी, पण तिथं आईला न्यायचं तर सगळी गल्ली फिरून जावं लागणार. महादेवनं तीच कात्री घेतली आणि कुंपणाचा पत्रा वरपासून खालपर्यंत कापला. त्या फटीतून गजाननानं आईला पलीकडे दिलं आणि स्वतःही पलीकडे गेला.

इंजेक्शनं दिल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आधी असं कधी झालंय का? तेव्हा मला एकेचाळीस आठवलं. मी दोन्ही खण उघडले, दोन्ही तुकडे काढले आणि टेबलावर जोडून ठेवले. लाल ओळ सगळ्यांत वर होती. तरुण डॉक्टरांनी ती वाचली, मग खालच्या तुकड्यावरचं माझ्या अक्षरातलं काकूंचं नाव वाचलं. "हे काल दाखवायला हवं होतंत," ते हळू आवाजात म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासानं काकूंचा श्वास सरळ झाला. डोळे उघडले. एका बाजूला महादेव, दुसऱ्या बाजूला गजानन, दोघं त्यांचा एकेक हात धरून. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग मला विचारलं, "बापू, दुपारी कोणाची पाळी असते?"

महादेव रडायला लागला आणि त्याला रडताना बघून गजानन.

डॉक्टर नागपूरहून परत आले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नोकरी जाईल असं धरूनच चाललो होतो. त्यांनी डोळ्यावरची पट्टी सांभाळत दोन तुकडे हातात घेतले, बराच वेळ बघितले. "कात्री चांगली होती," म्हणाले. मग म्हणाले, "'बरं' मीच म्हणालो होतो. तू एकट्यानं कापलं नाहीस." माझ्यावर ते त्यानंतरही कधी ओरडले नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी मला सगळ्या खणांतली सगळी कार्डं काढायला लावली. ज्याच्या नावाची लाल ओळ असेल त्या माणसाला, घरातल्या कर्त्याला नाही, त्याच माणसाला बोलावून ती वाचून दाखवायची. बरेच दिवस मी तेच काम केलं.

काकू मात्र बोलावण्याआधीच आल्या. एकट्या, सकाळी, आणि चालू होते गजाननकडचे महिने. खिडकीशी उभ्या राहिल्या. "माह्यं येगळं कार्ड काढ."

मी म्हणालो, "काकू, दोन हजाराच्या वरचा नंबर येईल."

"येऊ दे. पह्यले मले थे लाल लाल काय हाय ते वाचून दाखव. मले वाचता येत नाही, पण आयकू येते."

मी वाचलं. "सुभद्राबाई यांना सल्फाच्या गोळ्या देऊ नयेत. जिवाला धोका."

"कवापासून लिवलं हाय?"

"लय वर्षं झाली. काका होते तवापासून."

"मंग मले कोनी काहून नाही सांगतलं?"

"कार्डावर होतं ना, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गोळी कार्ड गिळते का?"

तेहतीस वर्षांत मला कोणी इतकं खरं काही बोललं नाही. मी त्यांना सांगितलं की नाव उतरवताना ती ओळ माझ्याकडून राहिली. गोळ्याही मीच मोजून दिल्या. मला क्षमा मागायची होती, पण खिडकीत बसून ती कशी मागतात ते कळेना. काकू म्हणाल्या, "आता लिव. मी पाह्यतो."

मी नवं कार्ड घेतलं. सगळ्यांत आधी लाल पेन उचललं, ओळ लिहिली, आणि त्यांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग स्वतः न बघता म्हणून दाखवली. मी निळं पेन घेतलं. "कुटुंबप्रमुख?"

"मी."

"घरात माणसं किती?"

"एक." थांबल्या. "दोघं पोट्टे लिवून ठेव. पण पेन्शिलीनं."

आमच्या दवाखान्यात पेन्सिलीनं कधी काही लिहिलं गेलं नव्हतं. मी डॉक्टरांच्या नातीची पेन्सिल वरून मागवली आणि लिहिलं, महादेव, गजानन.

तेव्हापासून तो काकूंचा आणि माझा कार्यक्रमच झाला. भावांचं बोलणं सुरू झालं होतं, कुंपणाची फट त्यांनी बुजवली नव्हती, पण संसार म्हटला की रुसवेफुगवे आलेच. दर दोन-तीन महिन्यांनी काकू काठी टेकत यायच्या. आजार काही नाही. "गजाननले खोड." मी रबरानं खोडायचो. पंधरा दिवसांनी, "लिव त्याले. काल औषिध आणून देलं त्यानं." मग कधी महादेव जायचा, कधी परत यायचा. एकदा दोघांनाही एकाच दिवशी खोडायला लावलं आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या, "राहू दे, लिव." बाकड्यावरची माणसं हसायची. दोघा भावांना याचा पत्ता होता. महादेव कधीतरी खिडकीशी येऊन दबक्या आवाजात विचारायचा, "भाऊ, मी हाव का सध्या?" मी कार्ड बघून सांगायचो. तो नसेल त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी काकूंसाठी पुरणपोळी व्हायची.

काकू वयानं गेल्या, शांतपणे, झोपेत. आठवडाभरानं दोघं भाऊ एका गाडीवर आले आणि म्हणाले, आईचं कार्ड बंद करायचं असेल ना. मी खणातून काढलं. लाल ओळ तशीच ठळक होती. तिच्याखाली जिथं नावं होती तिथला कागद खोडून खोडून इतका विरला होता की उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसायची. महादेवनं वाकून बघितलं आणि मग एकदम मागे सरकला. विचारायचं धैर्य त्याला होईना. गजाननच म्हणाला, "भाऊ, कोण हाय त्याच्यात?"

दोघंही होते. शेवटच्या वेळी आल्या तेव्हा काही न खोडता नुसतं बघून गेल्या होत्या.

मी कार्ड बंद केलं नाही. निळं पेन घेतलं आणि त्या विरलेल्या जागेवर, कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं, दोन्ही नावं गिरवली.